खोतांच्या बांधावरचा डबा

आमच्या घरातून आजवर एकच भांडं चोरीला गेलं आणि ते मीच चोरलं होतं.

चोरीमागचा हेतू चांगला होता. (सगळ्याच चोरांचा असतो.) मी शहापुरातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. अक्षांश-रेखांशांची व्याख्या मी झोपेतसुद्धा सांगू शकतो आणि आमची मालती म्हणते की सांगतोही. निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत रक्तातली साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. मी चालायला लागलो. पण शहापुरातून चालायचं म्हणजे दर वीस पावलांवर एक माजी विद्यार्थी विणायच्या मागावरून उठतो, "सर, आत या की" म्हणतो आणि चहा मागवतो. चहा साखरेचाच असतो. महिन्याभरानं डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "चालणं बंद केलंत का?"

तेव्हा माझ्या मुलीनं, सईनं, माझ्या फोनवर एक खेळ घालून दिला. तिच्या ऑफिसातली मंडळी तो खेळायची. त्याला जिओकॅशिंग म्हणतात.

"पप्पा, लोकांनी जगभर डबे लपवून ठेवलेत. कुठला डबा कुठं आहे त्याचे अक्षांश-रेखांश फोनवर येतात. आपण चालत जायचं आणि हुडकायचं."

"डब्यात काय असतंय?"

"एक वही. तिच्यात आपलं नाव लिहायचं. बारीकसारीक वस्तू असतात, एक घेतली तर एक ठेवायची."

"आणि डबा?"

"तो होता तिथंच परत ठेवायचा."

"मग ह्यातनं मिळतंय काय?"

"तुमचं चालणं होतंय की."

मला एकदम भरून आलं. 'सर, ह्या अक्षांशाचा पुढं काय उपयोग?' असं मला एकतीस वर्षं दर वर्षी एक तरी पोरगं विचारायचं आणि मी दर वर्षी त्याला बाकावर उभं करायचो. आता उपयोग सापडला होता, पण ती पोरं बाकावरून उतरून नोकरीला लागली होती. खेळात टोपणनाव घ्यावं लागतं. मी 'कर्कवृत्त' घेतलं.

सईनं एक नियम बजावून सांगितला. शोधताना कुणाला काही कळू द्यायचं नाही, नाहीतर न खेळणारा माणूस डबा उचलून घरी नेतो. त्या दिवसापासून मी गावाच्या नजरेत संशयित झालो.

पहिला डबा एका देवळाच्या मागच्या भिंतीत होता. मी गुडघे टेकून दगडांच्या फटीत बोटं घालत होतो. दर्शन घेऊन आलेल्या एका बाईंनी माझ्याकडं बघून आपल्या चपला उचलल्या आणि हातात धरूनच पुढं गेल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हुडकायलायसा सर?"

"किल्ली पडली रं," मी म्हणालो.

ही चूक झाली. शहापुरात सरांची किल्ली पडणं म्हणजे गल्लीचं काम. पाच जण जमले. एकानं तर विणायचं काम टाकून बॅटरी आणली. पंधरा मिनिटांत त्यातल्या एकाला गवतात खरोखरच एक किल्ली सापडली! गंजलेली, कुठल्या तरी ट्रंकेची, मी आयुष्यात न पाहिलेली. "हीच न्हवं, सर?" पाच चेहरे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "हीच." मग किल्ली सापडल्याबद्दल चहा झाला.

मालतीचा संशय निराळा होता.

"कुठं गेलतासा?"

"चालायला."

"चालायला गेलेल्या माणसाच्या गुडघ्याला माती कशी लागती? आणि शर्टाला मागनं कुसळं?"

मी तिला शांतपणे बसवलं आणि सगळं सांगितलं. डबे, उपग्रह, वही, सही, सगळं. तिनं मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आता खरं काय ते सांगा."

याच सुमारास सईचं लग्न ठरत आलं. मुलगा अभिजित, निपाणीला नोकरीत, घर बोरगावला, शेतीवाडी चांगली. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं. आता राहिली होती ती चौकशी. आमच्या भागात सोयरीक जुळवताना दोन्ही घरं समोरासमोर बसून "आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे" असं म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप चौकशीला माणूस पाठवतात. सांगितली तेवढी जमीन आहे का, विहिरीला पाणी आहे का, मुलगा संध्याकाळी कुठं बसतो. ही चौकशी सगळेच करतात, पण केल्याचं समोरच्याला कळता कामा नये. कळलं तर तो अपमान समजतात, आणि अशा अपमानावरून सोयरीक मोडल्याची उदाहरणं प्रत्येक घरात एकदोन असतात.

मालती तिच्या भावाला बोरगावला पाठवणार होती. मी पाठवू दिलं नाही. मी तत्त्वाचा माणूस. "समोरच्यानं सांगितलं म्हणजे झालं," मी म्हणालो. "आपण माणसावर विश्वास टाकायचा." मालतीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं ती वजनाला कमी भरलेल्या भाजीकडं बघते.

आम्ही घर बघायला बोरगावला गेलो तेव्हा अभिजितच्या वडिलांनी, आप्पा खोतांनी, मला स्वतः शेत दाखवलं. आप्पा हळू बोलणारे, ताठ चालणारे गृहस्थ. विहिरीजवळ आल्यावर म्हणाले, "पाणी बारमाही हाय. कवाच आटत न्हाय." मी कौतुकानं पुढं वाकणार, तेवढ्यात त्यांनी माझं कोपर धरलं. "पायऱ्या निसरड्या हाईत सर. ऊस बघूया चला."

ऊस बघत आम्ही बांधाच्या टोकाला आलो आणि तिथून पुढचं मला काही ऐकू आलं नाही. टोकाला जांभळाचं झाड. त्याच्याखाली काळा धोंडा, आणि धोंड्याच्या पोटात एक डबा बरोबर बसेल अशी खोबण! बाजूनंच ओढ्याकडं जाणारी पायवाट, म्हणजे येणाऱ्याला अडचण नाही. आप्पा ठिबक सिंचनाबद्दल काहीतरी सांगत होते आणि मी "वा, वा" म्हणत होतो, ते धोंड्याला होतं. इतके दिवस मी दुसऱ्यांचे डबे शोधत होतो. आता मला माझा स्वतःचा डबा लपवायचा होता.

प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतात, म्हणून मी मालतीचा स्टीलचा घेतला. मध्यम आकाराचा, घट्ट झाकणाचा, दिवाळीला चिवडा राहतो तो. आत अदलाबदलीच्या वस्तू हव्यात म्हणून हाताला लागेल ते घातलं: ती गंजकी किल्ली, सेफ्टी पिनांचा पुडा आणि शिवणाच्या डब्यातली मोजायची टेप. मग वही. इतर डब्यांतल्या वह्यांत लोक कसंही तिरकं लिहून जातात, ते माझ्यातल्या शिक्षकाला सहन होईना. मी पट्टीनं चार रकाने आखले: तारीख, नाव, गाव, शेरा. वर ठळक अक्षरात मथळा दिला, 'पाहणीस आलेल्यांची नोंद'.

फोननं एकच प्रश्न विचारला: जमीनमालकाची परवानगी घेतली आहे का? आता होणाऱ्या व्याह्यांचा बांध म्हणजे घरचाच बांध. घरच्या बांधाला कसली परवानगी? मी 'होय' वर बोट ठेवलं, निवृत्त सहकाऱ्याला भेटायला जातो असं सांगून सकाळची बस धरली, आणि भर दुपारी, बोरगाव जेवून आडवं झालेलं असताना, डबा धोंड्याखाली सरकवून आलो.

आठवडाभरात फोनवर निरोप आला. कोल्हापूरच्या कुणाला तरी माझा डबा सापडला होता! मग पुण्याच्या दोघांना. मी दर थोड्या वेळानं फोन काढून बघायचो आणि हसायचो.

"कुणाचा मेसेज?" मालती विचारायची.

"कोल्हापूरचा."

"बाई का माणूस?"

"माहीत नाही. टोपणनाव आहे."

इकडं तिला डबा सापडत नव्हता. शेजारच्या शांताक्कांकडं संक्रांतीला तिळगूळ याच डब्यातून गेला होता. मालती म्हणाली, डबा परत आला नाही. शांताक्का म्हणाल्या, आम्ही दुसऱ्याचं भांडं एक रात्रसुद्धा ठेवत न्हाय. शब्दाला शब्द वाढला आणि तीस वर्षांचा शेजार अबोल्यावर आला. शांताक्कांनी तर आपली भांड्यांची मांडणी दारात आणून दाखवली. मी पेपर वाचत होतो. त्या दिवशी मी पेपर फार बारकाईनं वाचला.

साखरपुड्याला दोन आठवडे राहिले होते. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी दारात जीप थांबली आणि आप्पा खोत एकटेच उतरले. न कळवता. हातात कापडी पिशवी. सईनं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. व्याह्यांनी पाणी घेतलं नाही की आमच्याकडं सोयरीक धोक्यात आली असं समजतात. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि टीपॉयवर ठेवला.

स्वयंपाकघरातून मालती पदराला हात पुसत आली आणि तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, माझा डबा! कुठं मिळाला तुमास्नी?"

"म्हंजे तुमचाच हाय," आप्पा म्हणाले. "नाव वाचलं तरी इस्वास बसंना, म्हणून घिऊन आलो."

त्यांनी डबा फिरवला. बुडाशी टिंबाटिंबांच्या अक्षरांत कोरलेलं होतं: सौ. मालती मुचंडीकर, शहापूर. आमच्या घरातल्या पळीवरसुद्धा नाव आहे, भांडी शेजारीपाजारी जातात म्हणून. हे मला माहीत होतं. मी स्वतःला कर्कवृत्त म्हणवून घेतलं, बसनं चोरून गेलो, दुपारची वेळ साधली आणि बायकोचं नाव-गाव घातलेला डबा लपवून आलो!

"पंधरा दिस झालं, अनोळखी माणसं आमच्या बांधावर यायलीत," आप्पा म्हणाले. आवाज शांत होता. "फोन बघत यायची, वाकायची, जायची. एकाला इचारलं तर म्हणतोय, जांभळं बघायला आलो. जांभूळ अजून फुलोऱ्यात हाय. मग काल मी दोन तास उसात बसलो. कुत्र्याला घिऊन. एकजण आला, धोंड्याखालनं डबा काढला, वहीत लिवलं, परत ठेवला आनि गेला."

"आप्पा, तो एक खेळ आहे," मी म्हणालो.

"व्हय? टेप कशाला हाय ह्यात?"

"अदलाबदलीची वस्तू आहे."

"बांधावर टेप. बरं. ही किल्ली कशाची?"

"माहीत नाही."

"तुमच्या डब्यातली किल्ली हाय आनि तुमास्नी म्हाईत न्हाय."

खरं तेच सांगत होतो, पण ते खरं वाटत नव्हतं, अगदी मलाही. आप्पांनी चष्मा लावला आणि वही उघडली. मथळा वाचताना ते प्रत्येक शब्दावर थांबले. "'पाहणीस. आलेल्यांची. नोंद.' कोल्हापूर. शेरा, 'जागा उत्तम. रस्ता मात्र अगदी खराब.' पुणे. शेरा, 'विहीर ठणठणीत कोरडी. कुत्रं भरपूर आहे.' बेंगळुरू, ह्यो कालचा. शेरा, 'मालक संशयी वाटतात. काही सांगू नये.'" त्यांनी वही मिटली. "सर, सोयरिकीसाठी लोक गावातल्या दुकानदाराला इचारून जातात. आम्ही समजून घेतो. तुम्ही बेंगळुरूवरनं माणूस लावलासा. आनि वर रजिस्टर ठेवलंसा."

"आप्पा, मी शपथेवर सांगतो, आम्ही चौकशी केलीच नाही. आमचं एकमेव घर आहे ज्यानं चौकशी केली नाही!"

"लोक लांबलांबनं येऊन डबा हुडकतात?"

"हो."

"कशासाठी?"

"सही करायला."

"आनि मग?"

"डबा परत ठेवायला."

आप्पांनी वही डब्यावर ठेवली. "मी शाळा कमी शिकलोय सर," ते म्हणाले, "पण येवढी कमी न्हाय."

मी मदतीसाठी मालतीकडं बघितलं. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिचं लक्ष वहीतल्या दुसऱ्या शेऱ्यात अडकलं होतं.

"विहीर कोरडी?" ती म्हणाली. "बारमाही पाणी म्हणालातासा की."

"एप्रिलात कुणाच्या हिरीत पानी असतंय, वहिनी?"

"बारमाही म्हंजे बारा महिने. एप्रिल त्यात येतोय." (भूगोलाच्या मास्तराशी संसार केला की हे असं होतं.) "म्हणून ह्यास्नी वाकून बघू दिलं न्हाय व्हय?"

"बघा. चौकशी केली न्हाय म्हणतासा आनि हिरीचं पक्कं धरलंसा."

"आम्ही केली असती तर हे आधीच कळलं असतं."

आप्पा उठले. पिशवीची घडी घातली. "साखरपुडा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुमचा आमच्यावर इस्वास न्हाय, आमचा तुमच्यावर ऱ्हायला न्हाय. उगंच पोरांस्नी त्यात कशाला वढायचं."

मी सईकडं बघितलं. ती पाण्याचा तांब्या धरून दारात उभी होती आणि तिचा रंग उतरला होता. मला माझा स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. एकतीस वर्षांत मी कुणाचं काही वाईट केलं नाही, आणि केलं ते एकुलत्या एका मुलीचं, चिवड्याच्या डब्यानं.

सई मात्र रडली नाही. तिनं तांब्या ठेवला. "आप्पा, विहीर आटती ते मला पहिल्याच आठवड्यात ठाऊक होतं. अभिजितनं सांगितलंय. बोअरला किती तास पाणी येतं तेपण. मला चालतंय. आणि पप्पांचं म्हणाल तर खरंच खेळ आहे हा. तुमास्नी खोटं वाटत असेल तर आत्ता एक डबा शोधून दाखवतील ते."

"दावू देत की," आप्पा म्हणाले.

मी उत्साहानं फोन पुढं केला. नकाशावर ठिकठिकाणी खुणा होत्या. "हा देवळामागचा बघा, पाच मिनिटांवर आहे."

"तिथं तुमीच ठेवला असंल." आप्पांनी चष्मा सरळ केला, बोटानं नकाशा सरकवत नेला आणि हमरस्त्यावर, पार राज्याच्या हद्दीजवळ, कोगनोळीच्या एका खुणेवर बोट ठेवलं. "ह्यो दावा. माझ्या वाटंवर पडतोय, थोडं म्होरं. निघाला तर साखरपुडा ठरल्या दिवशी. न्हाय निघाला तर मी बोरगावला वळतो, तुमी शहापूरची बस धरा."

कोगनोळीचा डबा मी कधी शोधलेला नव्हता. मालतीनं मला टोपी दिली, पाण्याची बाटली दिली आणि हळूच म्हणाली, "मिळाला न्हाय तर घरी येऊ नगासा."

शहापूर ते कोगनोळी बोलणं एकदाच झालं. संकेश्वरजवळ मी म्हणालो, "ऊन वाढलंय." आप्पांनी काच वर केली. निपाणी मागं पडली तेव्हा मी मनातल्या मनात नवस बोलायला सुरुवात केली होती.

कोगनोळीला जीप कडेला लावली. फोनवर सूचना होती: डबा लहान आहे आणि लोखंडाला चिकटलेला आहे. मी मान वर केली. राज्याच्या हद्दीवर लोखंडाला तोटा नसतो. कठडे, खांब, पाट्या, कमानी, नजर जाईल तिथवर लोखंड. फोन म्हणाला, चार मीटर. मी चार मीटर गेलो. फोन म्हणाला, एकोणीस मीटर.

"एकदा चार, एकदा एकोणीस," आप्पा झाडाखालून म्हणाले.

"उपग्रहाचा थोडाफार फरक पडतो."

"आमच्या बांधावर बेंगळुरूचा माणूस बरोबर धोंड्यापाशी आला. तवा फरक पडला न्हाय."

मी कठड्याखाली हात घातला. खांबांना मिठ्या मारल्या. एका पाटीमागं वाकताना पँट मागून उसवली, ती टोपी मागं धरून झाकली. अर्धा तास गेला. डोक्यावर ऊन तापत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं सईचा तांब्या येत होता. शेवटी आप्पांना राहवेना. ते जवळ आले.

"सर, ह्यो बाण काय सांगतोय?"

"डबा उत्तरेला आहे."

"मग तुमी हिकडं का चाललाय?"

"उत्तर इकडंच आहे."

आप्पांनी आपल्या सावलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दुपार कलली, सर. ऊन हिकडनं यायलंय, म्हंजे मावळत ही. निपाणी तुमच्या म्होरं हाय. निपाणी आपण मागं टाकून आलो न्हवं का?"

मी फोनकडं बघितलं. आभाळाकडं बघितलं. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस राज्याच्या हद्दीवर अर्धा तास दक्षिणेला उत्तर समजून चालत होता! आप्पांनी माझ्या हातातला फोन घेतला, धोतराचा सोगा खोचला आणि "असं न्हवं, एका टोकाकडनं धरूया" म्हणत कठडा तपासायला लागले. तुंबलेलं ठिबक शोधतात तसं, हात फिरवत, एकही जागा न सोडता. मी त्यांच्या मागून तपासलेलंच परत तपासत होतो.

आम्ही दोघं कठड्याखाली वाकलेले असताना मागून आवाज आला, "एन हुडुकाकत्तीरी?"

काय शोधताय, असं कानडीत विचारणारा एक पोलीस उभा होता. हद्दीवर दोन म्हातारे खांबांखाली हात घालत फिरतात, म्हटल्यावर कुणीही विचारलंच असतं.

मला सईचा नियम आठवला, कुणाला कळू द्यायचं नाही. "चष्मा पडलाय," मी म्हणालो.

"डबा हुडकतोय," त्याच क्षणी आप्पा म्हणाले.

पोलिसानं माझ्या नाकावरच्या चष्म्याकडं बघितलं. मग तो मराठीत आला. "एकजण म्हणतोय चष्मा, एकजण म्हणतोय डबा. कसला डबा?"

"बारका हाय. लोखंडाला चिकटवलेला," आप्पा म्हणाले. (खरं बोलणं किती धोक्याचं असतं ते त्यांना तेव्हा कळलं असावं.)

पोलीस एक पाऊल मागं सरला. "कुणी ठेवलाय?"

"म्हाईत न्हाय."

"आत काय आहे?"

"वही," मी म्हणालो.

"गाडी कुणाची ती?"

"माझी. बोरगावची हाय."

"आणि हे? हे तुमचे कोण?"

मी जमिनीकडं बघत उभा राहिलो. ह्या प्रश्नाचं उत्तर मलाही ऐकायचं होतं. सकाळी अकरापर्यंत ते मला माहीत होतं, आता नव्हतं. 'वाटेत भेटलेत' म्हणाले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. मोठी वाहनं धडधडत जात होती आणि आप्पा माझ्याकडं बघत होते. उसवलेली पँट, मातीचे गुडघे, मागं धरलेली टोपी, सगळं सावकाश बघितलं त्यांनी.

"व्याही हाईत माझे," ते म्हणाले.

मी उगाच खोकल्यासारखं केलं.

"व्याही?" पोलीस म्हणाला. "मग इथं काय करतायत?"

"साहेब, सकाळी मला वाटलं, ह्यांनी आमच्या जमिनीची चोरून चौकशी केली. म्हणून सोयरीक मोडाय निघालतो." आप्पांनी दम घेतला. "तवापास्नं मी ह्यांच्याबरोबर हाय. फोन जागा दावतोय, बाण दिशा दावतोय, वर सूर्य हाय, आनि ह्यांना डबा गावंना. हे भूगोलाचे मास्तर हाईत. असल्या माणसाच्या हातनं चौकशी हुईल, ही माझीच चूक झाली म्हणायची."

पोलिसानं मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं. मला वाटलं आता ओळखपत्र मागणार, ठाण्यावर नेणार. पण त्याची खात्री पटलेली दिसली. त्यानं आप्पांकडं सहानुभूतीनं मान हलवली आणि आम्हाला जायला सांगितलं.

तो डबा काही मिळाला नाही. आप्पांनी मला बोरगावला नेऊन जेवू घातलं, आटलेली विहीर स्वतःहून वाकून बघू दिली आणि साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. लोकांच्या मुलींची लग्नं मुलाची नोकरी बघून जमतात, घरची शेती बघून जमतात. माझ्या मुलीचं तिच्या बापाची अक्कल बघून जमलं, आणि देवाच्या दयेनं ती पुरेशी कमी भरली.